छतापर्यंतची रेघ

मामांच्या मंडळाची बैठक फरशीच्या दुकानात भरायची. दुकान मामांचंच. बाथरूमच्या फरशा, बेसिनं, नळ, टब, कमोड, सगळं एका छपराखाली. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं जाई आणि आतल्या दालनात दहा-बारा शहाणी माणसं शेअर बाजाराची नाडी तपासायला बसत. खुर्च्या सहाच होत्या. दातांचे डॉक्टर एका बदामी टबच्या काठावर टेकत, ती त्यांची ठरलेली जागा. उशिरा येणाऱ्यांना नव्या कोऱ्या कमोडच्या झाकणावर बसावं लागे. कमोडला किमतीची चिठ्ठी लोंबत असे, आणि वर बसलेला गृहस्थ मांडीवर मांडी टाकून 'लांब पल्ल्याची गुंतवणूक' या विषयावर बोलत असे.

सुनेनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कडेवरच्या लेकीच्या टोपीत तोंड खुपसून तिनं हसू जिरवलं. लेक दहा महिन्यांची, घरात तिला चिमणी म्हणत. मामा हे सुनेच्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे सुनेचे मामेसासरे. मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष, खजिनदार आणि प्रमुख वक्ते तेच. आणि प्रमुख श्रोतेही, कारण स्वतःचं बोलणं इतक्या भक्तिभावानं ऐकणारा दुसरा माणूस तिनं पाहिला नव्हता.

"या मुनीमबाई!" मामा म्हणाले. चिमणी होण्याआधी सून कंपन्यांचे हिशेब तपासायच्या नोकरीत होती, म्हणून हे नाव. "बसा. हिशेब राहू द्या घरी. इथे नफा होतो, तपासणी नाही."

टबवरून डॉक्टर खदाखदा हसले. डॉक्टरांचे स्वतःचे दात फारसे पाहण्यासारखे नव्हते.

मंडळाकडे शेअर होता एकच. एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा. नऊ वर्षांपूर्वी मामांनी तो घेतला. त्यामागचा अभ्यास असा, की त्यांच्या इमारतीची लिफ्ट त्या कंपनीची होती आणि ती कधी अडकली नव्हती. मग बायकोच्या भावाला घ्यायला लावला, मग डॉक्टरांना, मग गल्लीतल्या जिमवाल्याला. नऊ वर्षांत भाव दसपट झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि तेव्हापासून कावळा स्वतःला लाकूडतोड्या समजू लागला. आता मामा नाकानं कांदे सोलत. बँकेत पैसे ठेवणाऱ्यांना ते 'बिचारे' म्हणत. सुनेच्या नवऱ्याला, म्हणजे सख्ख्या भाच्याला, तोंडावर म्हणाले होते, "तू नोकरी कर बाबा. प्रत्येकाला उडता येत नाही."

पण दुकानातलं खरं नवल भिंतीवर होतं. तिथे मोठ्या कागदावर लिफ्ट कंपनीच्या भावाचा आलेख होता, नऊ वर्षांचा, डावीकडून उजवीकडे चढत गेलेला. कागद संपला होता. मामा संपले नव्हते. फरशी बसवणारे कारागीर निळ्या भुकटीत माखलेलं सूत ताणून भिंतीवर फटकन सोडतात आणि सरळ रेघ उमटते. मामांनी तेच सूत घेतलं. एक टोक नऊ वर्षांपूर्वीच्या भावावर, दुसरं आजच्या भावावर, आणि ताणून ताणून पुढे. रेघ कागदाबाहेर गेली, भिंतीवरून वर चढली, विजेच्या बटणांना वळसा न घालता त्यांच्यावरूनच गेली आणि थेट छताला जाऊन टेकली. वाटेत पेन्सिलीनं खुणा होत्या. बटणांपाशी 'डॉक्टरांचा नवा दवाखाना'. पंख्याच्या उंचीला 'जिम दुसरी शाखा'. छताला लागून, शिडीवर चढून लिहिलेलं, 'निवृत्ती (सर्व)'.

"आणि छताच्या पुढे काय?" सुनेनं विचारलं.

"वरचा मजला पण माझाच आहे," मामा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, हे कळायला तिला एक क्षण लागला.

आयुष्यभर ज्या माणसानं फरशी भिंतीला भिडली की कापायची असते हे शिकवलं आणि विकलं, त्यानं भाव मात्र भिंतीपलीकडे जाईल असं धरून चालावं! एका गुळगुळीत फरशीवर पाणी जसं टिकत नाही तसा या मंडळावर विचार टिकत नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तर सुनेनं दर रविवारी फुकटचा तमाशा म्हणून तो पाहिला असता. पण तिथे पहिल्या खुर्चीवर, गादी घातलेल्या एकमेव खुर्चीवर, सासूबाई बसलेल्या होत्या. हातात पर्स. चेहऱ्यावर असा उजेड, की जणू शाळेच्या बक्षीस समारंभात आपलं नाव पुकारणार आहेत.

सासूबाईंचं चष्म्याचं दुकान होतं. सासरे गेल्यावर चार वर्षं त्यांनी ते एकटीनं चालवलं. काचा घासणं, दांड्या सरळ करणं, गिऱ्हाइकाच्या नाकाचा अंदाज घेणं, सगळं. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा दुकान विकलं. आलेले पैसे हीच त्यांची पुढची सगळी वर्षं होती. पेन्शन नाही, दुसरं काही नाही. "कुणापुढे हात पसरणार नाही, तुझ्यापुढेही नाही," असं त्यांनी नव्या मालकाला दुकानाच्या किल्ल्या दिल्या त्या दिवशीच मुलाला सांगून ठेवलं होतं. सून घरून थोडंफार काम करायची ते सासूबाई चिमणीला सांभाळत म्हणून. तिला झोपवताना त्या एका नादात पाठीवर थोपटत, आणि चिमणीपेक्षा आधी सुनेचे डोळे मिटत. असं माणूस जगात एकच असतं, हे सुनेला ठाऊक होतं.

आणि ते माणूस आपली सगळी पुढची वर्षं या कमोडवाल्या मंडळाच्या हवाली करायला निघालं होतं.

"महिनाअखेर," मामांनी जाहीर केलं. "महिनाअखेर आक्का मंडळात येणार. टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मामी कुठल्याशा नळाला टेकून उभ्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. चिमणीनंसुद्धा वाजवल्या, तिला नुकत्याच यायला लागल्या होत्या. फितुरी घरातूनच होते म्हणतात ते असं.

दोन दिवस सुनेनं चिमणी झोपली की त्या लिफ्ट कंपनीचे अहवाल वाचले. कंपनीत वाईट काही नव्हतं. सरळ, कष्टाळू कंपनी होती. मग मंगळवारी दुपारी सासूबाई चिमणीला भात भरवत होत्या तेव्हा ती समोर बसली.

"आई, दुकान विकलंत तेव्हा त्या माणसानं किती दिलं?"

"तुला माहीत आहे की."

"रक्कम नाही. किती वर्षांची कमाई दिली?"

सासूबाईंचा घास हातात थांबला. हा विषय त्यांच्या आवडीचा होता. "चार वर्षांची देत होता मेला. म्हटलं, बाबा रे, तयार गिऱ्हाईक आहे, नाव आहे, यंत्र आहे. सहा वर्षांची घेतली. सहा! बाजूच्या औषधवाल्याला पाचच मिळाली."

"आणि कुणी पंचाहत्तर दिली असती तर?"

"पंचाहत्तर वर्षांची कमाई? डोळे तपासून चष्मा करून दिला असता त्याला. फुकट."

"मामांच्या कंपनीला लोक आज पंचाहत्तर वर्षांची कमाई मोजतायत."

सासूबाईंनी घास चिमणीच्या तोंडात घातला. सून पुढे सरकली.

"बघा आई. भाव म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. कंपनी किती कमावते, आणि त्या कमाईच्या किती पट लोक मोजायला तयार आहेत. मामांनी घेतला तेव्हा लोक पंधरा पट मोजत होते. आज पंचाहत्तर. म्हणजे पाचपट भाव नुसता लोकांच्या हौसेनं वाढला. आणि नऊ वर्षांत कंपनीची कमाई किती वाढली? दुप्पट. दोन गुणिले पाच, दहा. हे त्यांचं दसपट."

"मग वाढलं ते वाढलंच ना."

"वाढलं. पण कमाई पुन्हा दुप्पट होऊ शकते, लिफ्ट लागतातच. हौस पुन्हा पाचपट कशी होणार? पावणेचारशे वर्षांची कमाई कोण मोजेल? उलट हौस ओसरते. समजा पुढच्या नऊ वर्षांत कंपनीनं नेकीनं काम केलं, कमाई दुप्पट केली, आणि लोक पुन्हा पंधरा पटींवर आले. तर तुमच्या शंभराचे चाळीस होतील. कंपनीचं काहीही न चुकता. मधेच तीस पटींवर येऊन थांबले, तरी ऐंशी. नऊ वर्षं थांबून. थोडे दिवस हौसेचे असतात आई, पण लांब पल्ल्याला दुकान जे कमावतं तेच हातात राहतं. आणि तेही तुम्ही आत शिरताना किती मोजलंत त्यावर."

सासूबाईंनी चिमणीच्या हनुवटीवरचा भात बोटानं टिपला. समजलं होतं. चार वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई ती, गुणाकार तिला नवा नव्हता. सुनेला तो चेहऱ्यावर दिसला, एक छोटासा थांबा. तिथेच तिनं थांबायला हवं होतं.

पण तिला राहवलं नाही.

"आणि हे तुमच्या भावाला सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "त्यांना गुणाकार आणि कमोड यात फरक कळत नाही. भिंतीवर सुतानं रेघ मारून भविष्य बघणारा माणूस! आणि भोवती ते दातवाले, ते जिमवाले. एकाच्याही डोक्याची फरशी धड बसलेली नाही. आंधळ्यांची रांग आणि पुढे—"

"पुढे माझा भाऊ," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं चिमणीची वाटी उगाच सरळ केली.

"आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उतरला होता. "माझ्या मागे मागे फिरायचा. तुला तो विदूषक दिसतो. दिसू दे. पण मी भरवत असताना माझ्यासमोर बसून त्याची टिंगल करू नकोस."

त्यांनी चिमणीला उचललं आणि आत नेलं.

त्यानंतरचे दिवस घरात सगळं होत होतं आणि काही बोललं जात नव्हतं. सासूबाई चिमणीला न्हाऊ घालत, झोपवत, पण "हिचं टोपरं कुठे आहे" एवढंच विचारत, तेही टोपऱ्याकडे बघून. संध्याकाळी नवरा कामावरून आला की दोघींच्या मध्ये बसून दोघींशी आळीपाळीनं हवापाण्यावर बोले. सुनेनं त्याला एकीकडे घेतलं.

"तू सांग ना त्यांना. पैसे जातील सगळे."

"मी सांगितलं तर ती म्हणेल, बायकोनं पढवलं."

"मग मामांना सांग."

"मामाला?" तो कसनुसं हसला. "मला उडता येत नाही, विसरलीस?"

मोठा आधार होता नवऱ्याचा. भिंतीला टेकून उभं राहिलं तर भिंत निदान थंड तरी लागते.

आणि याच आठवड्यात मामांची गाडी मात्र दोनदा येऊन गेली. एकदा आक्काला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला, फुकट तपासणी. एकदा नुसती चक्कर मारायला. सासरे गेल्यानंतरच्या चार वर्षांत मामांना आक्काच्या घरचा रस्ता सापडला नव्हता. शहर बदलत होतं, वळणं बदलत होती. दुकान विकल्याबरोबर एकदम सापडला. सुनेनं हे बोलून दाखवलं नाही. जीभ चावून चावून तिला जेवण जाईना.

पुढच्या गुरुवारी लिफ्ट कंपनीचा तिमाहीचा निकाल लागणार होता, भरदुपारी, बाजार उघडा असताना. मामांनी दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं, खास बैठक बोलावली आणि आक्काला न्यायला स्वतः आले. "निकाल लागला की लगेच आक्काचे पैसे लावायचे," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत थांबायचं कशाला? तोवर भाव हातचा जाईल."

"मीही येते," चिमणीला कडेवर घेत सून म्हणाली.

"या की मुनीमबाई. मोठ्या माणसांचं काम कसं चालतं ते बघा."

दुकानात केक आणून ठेवला होता, एका बेसिनच्या कट्ट्यावर. भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता, एरवी त्यावर फवाऱ्याच्या नळांच्या जाहिराती चालत. आता तिथे एक टाय लावलेला माणूस होता, तो सकाळपासून निकालाबद्दल अंदाज सांगत होता आणि प्रत्येक अंदाजाच्या शेवटी "पण सांगता येत नाही" असं म्हणत होता. एवढं एकच वाक्य त्याला खरं येत होतं.

निकाल आला. नफा अठरा टक्क्यांनी वाढला.

दालन दुमदुमलं. जिमवाल्यानं मामांना उचललं, खाली ठेवताना पाठीत उसण भरली ती त्याच्याच. डॉक्टरांनी टबमध्ये एक पाय टाकून नाच केला. मामा आलेखापाशी गेले, सुताची गुंडाळी हातात घेऊन, आणि केक कापायला मामींना खूण केली.

"अठरा!" ते म्हणाले. "आक्का, अठरा! बघ, तुझ्या पायगुणानं!"

सासूबाई हसल्या. पर्स उघडली. सुनेला आतला चेक दिसला. लिहिलेला होता, सही केलेली. कधी लिहिला?

तेवढ्यात डॉक्टर टबमधून म्हणाले, "अहो, हे उलटं का चाललंय?"

टीव्हीच्या तळाशी कंपनीचा भाव सरकत होता, आणि त्याच्यासमोर लाल बाण होता. चार टक्के खाली. कुणीतरी म्हणालं, यंत्रात बिघाड आहे. सात टक्के. मामांनी टीव्हीच्या कडेला एक चापट मारली. दहा. केक कापणाऱ्या मामींचा हात थांबला, सुरी मलईत तशीच उभी.

"नफा वाढला ना?" जिमवाला कंबर धरून म्हणाला. "की नाही वाढला?"

"वाढला!"

"मग भाव का पडतोय?"

नऊ वर्षं ही माणसं या कंपनीचे मालक म्हणून मिरवत होती, आणि भाव कशाचा बनतो हे त्यांना माहीत नव्हतं. पास झालेल्या पोराला बापानं झोडपावं तसं त्यांना वाटत होतं.

"मोठे मासे आहेत हे," मामा म्हणाले. "मुद्दाम पाडतात. आपल्यासारख्यांना घाबरवून शेअर काढून घेतात. मला ठाऊक आहेत यांचे डाव."

"कुणाचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांचेच!"

सुनेला हसू फुटलं. तिनं दाबलं तरी नाकातून आलंच.

"काय मुनीमबाई, मामाचं नुकसान झालं की आनंद होतो?"

"नाही मामा. लोक पंचाहत्तर पट मोजत होते ते तीस टक्के वाढीच्या आशेनं. अठरा आली. अठरा चांगलीच आहे, पण आशेच्या मानानं कमी. म्हणून आता पंचाहत्तरच्या ऐवजी चौसष्ट-पासष्ट पट मोजतायत. कुणाचा डाव नाही. कंपनी तीच आहे, लिफ्ट त्याच आहेत. हौस थोडी उतरली."

"पुस्तकी," मामा म्हणाले. मग मात्र ते क्षणभर टीव्हीकडे बघत राहिले, बाण चौदावर थांबला होता, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. अशा चेहऱ्यांची सुनेला भीती वाटे. "अरे पण हे तर उत्तमच झालं! सेल लागलाय सेल! आक्का, देवानं तुझ्यासाठीच पाडला भाव. आण तो चेक."

दालनात पुन्हा जीव आला. बुडणाऱ्यांना काडीचा आधार लागतो, इथे आख्खी आक्का मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, "हो आक्का, हीच वेळ." जिमवाला म्हणाला, "आपला मोठा आकडा आत गेला की भाव सावरेल." बाजारात रोज काय उलाढाल होते आणि एका चष्म्याच्या दुकानाची किंमत त्यात कितीशी, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

सासूबाईंनी चेक पर्समधून काढला. हातात धरला.

"एवढं सांग मला," त्या भावाला म्हणाल्या. "नफा वाढला. मग भाव का पडला?"

"सांगितलं ना आक्का, मोठे मासे."

"आणि परवा वाढला होता तेव्हा कुणी वाढवला? त्याच माशांनी?"

"तेव्हा... तेव्हा कंपनी चांगली होती म्हणून वाढला."

"आज कंपनी वाईट झाली का? आजच तर अठरा म्हणालास."

"आक्का, तू हिशेबात शिरू नकोस. विश्वास ठेव."

"विश्वास आहे रे. म्हणून तर विचारते. एक दिवस हा भाव पंधरा पटींवर आला तर मी काय खायचं?"

मामांची मान सुनेकडे वळली. "पट! हे पट कुठून आलं? फितवलं तुला हिनं. घरात बसून कान फुंकते. मुनीमगिरी सुटली पण सवय गेली नाही!"

"हिनं?" सासूबाई म्हणाल्या. त्या सुनेकडे वळल्या नाहीत. "हिनं फितवलं असतं तर मी हा चेक लिहिलाच नसता. हिच्या जिभेचा राग येऊन लिहिलाय मी हा. इतकं वाईट बोलली तुझ्याबद्दल, की रागाच्या भरात मी त्याच दिवशी सही केली. म्हटलं, आता देतेच. हिला दाखवतेच."

सुनेच्या कानशिलांपाशी गरम झालं. गणित तिचं होतं, अचूक होतं, आणि तिनंच ते स्वतःच्या हातानं चुकीच्या बाजूला ढकललं होतं. मामांच्या सुतानं जे झालं नाही ते तिच्या तोंडानं जवळजवळ करून दाखवलं होतं.

सासूबाईंनी चेकची घडी घातली. पुन्हा घातली. पर्समध्ये ठेवून चाप दाबला.

"मला कळलं नाही असं मी कधी विकलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि घ्यायचं तर नाहीच. आज नको."

"आज नको म्हणजे कधी?"

"कळेल तेव्हा."

"आक्का, ही संधी परत येणार नाही!"

"नाही आली तर नाही. तू येत जा म्हणजे झालं."

मामा भिंतीकडे गेले आणि हातातली सुताची गुंडाळी एका कपाटात टाकली. केक कुणी खाल्ला नाही. डॉक्टरांनी तेवढा एक तुकडा उचलला. निघताना मामा म्हणाले, गाडीत पेट्रोल कमी आहे. दोघी टॅक्सीनं घरी आल्या. वाटेत चिमणी सासूबाईंच्या मांडीवर झोपली, आणि त्यांचा हात सवयीनं थोपटत राहिला.

"आई, मी—" सून म्हणाली.

"उद्या बोलू," त्या म्हणाल्या. "आज मी दोघांवरही रागावलेय."

रविवार आला. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले, पर्स घेतली, आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या. गाडी आली नाही. दुपार कलल्यावर त्या उठल्या, कपडे बदलले, आणि चिमणीच्या लंगोटांच्या घड्या करायला बसल्या. पुढच्या रविवारीही तेच. फरक एवढाच, की त्या वेळी त्यांनी पर्स घेतली नव्हती.

सुनेच्या पोटात बोलणी साठत होती. काय काय होतं तिच्याकडे! मामांना ऐकवायला तिनं मनात निदान चार भाषणं तयार केली होती, एकाहून एक तिखट. बहिणीच्या पर्सला भेटायला येणारा भाऊ. पण समोर खिडकीशी बसलेली ती पाठ दिसली की भाषणं घशात विरघळत. पैसे वाचले होते. पैसे वाचले म्हणजे सगळं वाचतं असं तिला वाटलं होतं.

तिसऱ्या रविवारी सासूबाई खिडकीत बसल्याच नाहीत. त्यांनी भावाला फोन लावला, आवाज मोठा केला, कारण त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नसे.

"हॅलो. मी बोलतेय."

"हां आक्का. बैठक चालू आहे गं." मागून डॉक्टरांचा आवाज आला. भाव अजून खाली गेला होता, हे सुनेला ठाऊक होतं, आणि ते त्या आवाजातही होतं.

"पैसे मी आणणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "कधीच नाही, समज. बँकेत ठेवले. तू मला बिचारी म्हण. पण मला तुला भेटायचंय. बैठक नसेल तेव्हा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बुधवारी ये," त्या म्हणाल्या. "दुकान तुझं बुधवारी बंद असतं."

"बघतो."

"बघ."

फोन ठेवला. मग सुनेकडे पाहून म्हणाल्या, "बघतो म्हणाला. माझाही भाव उतरला म्हणायचा."

"बघतो!" सुनेला आवरलं नाही. "छतापर्यंत रेघ मारताना बरं बघावं लागलं नाही! सख्ख्या बहिणीकडे यायला मात्र बघायला लागतं. नऊ वर्षांचं भविष्य दिसतं या माणसाला, बुधवार दिसत नाही!"

बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. पण सासूबाई हसत होत्या. आधी खांद्यातून, मग पोटातून, आणि मग इतक्या मोठ्यानं की चिमणी दचकून उठली आणि कशाला हसायचं ते न कळता स्वतःही हसू लागली.

"नालायक आहे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "सात वर्षांचा होता तेव्हापासून नालायक आहे. माझ्या वाटणीचं गोड खाऊन वर मलाच सांगायचा, तुला पचलं नसतं." त्यांनी चिमणीला उचलून सुनेच्या मांडीत दिलं. "हे बघ. बुधवारी आला, तर तू स्वयंपाकघरात राहायचं. तोंडात काहीतरी धरून. पाणी धर, लवंग धर, काय वाटेल ते."

"आणि नाही आला तर?"

सासूबाईंनी जरा विचार केला.

"नाही आला तर ये बाहेर," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांग मला, त्या कमोडवाल्यांबद्दल काय काय म्हणत होतीस ते. त्या दिवशी रागात नीट ऐकलं नाही मी."